वाचकांचे प्रश्न : वाचलेल्या वेळाचे काय करावे?

प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी शाळेत आणि घरी कोणते समृद्धी उपक्रम, म्हणजे पाठ्यक्रमापलीकडची भर घालणारे उपक्रम, घेता येतात, याविषयी आलेल्या पत्रांतून सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. काही पत्रे लांब असल्याने संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, माझा मुलगा आठवीत आहे. गणिताच्या तासाला दिलेली उदाहरणे तो दहा मिनिटांत संपवतो आणि मग त्याला त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे सोडवायला मिळतात. अलीकडे तो मुद्दाम सावकाश लिहितो, खिडकीबाहेर पाहत बसतो आणि परीक्षेत साध्या वजाबाकीत चूक करून गुण घालवतो. नववीचे पुस्तक त्याला आतापासूनच शिकवावे, असे त्याच्या बाबांचे मत आहे. आपल्याला काय वाटते? — एक आई

उत्तर : तुमच्या मुलाने सावकाश लिहिण्याचा मार्ग स्वीकारला, यात त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. काम लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून तेच काम पुन्हा मिळत असेल, तर ते लवकर न संपवणे हेच शहाणपणाचे ठरते. शिक्षकांचाही यात वाईट हेतू नसतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलाला गुंतवून ठेवण्याचा तो हाताशी असलेला उपाय असतो इतकेच. पण जे येते तेच पुन्हा करायला लावणे याला समृद्धीकरण म्हणता येत नाही, कारण त्यात मुलाच्या माहितीत, कौशल्यात किंवा विचारात नवी भर पडत नाही.

येथे आधी जागा मोकळी करावी लागते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात मांडलेली अभ्यासक्रम-संक्षेपाची पद्धत याच कामाची आहे, आणि ती दिसते त्यापेक्षा सोपी आहे. धडा सुरू होण्यापूर्वीच त्या धड्यावरची शेवटची चाचणी मुलाला सोडवू द्यावी. जे त्याला आधीपासून पक्के येते त्याची नोंद करावी, जे येत नाही तेवढेच त्याने वर्गाबरोबर शिकावे, आणि उरलेला वेळ कशासाठी वापरायचा हे शिक्षक आणि मूल यांनी मिळून कागदावर लिहून ठेवावे. कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांसाठी काही विषयांतील नेहमीच्या अभ्यासक्रमाचा ४० ते ५० टक्के भाग वगळता आला आणि तरीही चाचण्यांतील त्यांच्या कामगिरीत घट झाली नाही. तो अभ्यास प्राथमिक वर्गांतील होता, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आठवीला लावू नये, पण किती वेळ वाया जात असू शकतो याची कल्पना त्यावरून येते.

मोकळ्या झालेल्या वेळात काय करावे, हा खरा प्रश्न. एक उदाहरण देते. विभाज्यतेच्या कसोट्या मुले पाठ करतात. संख्येतील अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला की संख्येलाही जातो, हे तुमच्या मुलाला नक्की माहीत असेल. हे असे का होते, असे त्याला विचारा. दहा म्हणजे नऊ अधिक एक, म्हणून दहाच्या कोणत्याही घाताला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि त्यामुळे संख्येची बाकी व तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी एकच असते, एवढे त्याने स्वतः शोधून नीट वाक्यांत लिहिले की पुढचा प्रश्न द्यावा : ज्यांच्या दोन्ही हातांना मिळून आठच बोटे आहेत असे लोक आठच्या गटांत मोजू लागले, तर त्यांच्या अंकलेखनात ही कसोटी कोणत्या संख्येसाठी चालेल? आणि आपल्याकडची ११ ची, एकाआड एक अंक अधिक-उणे करण्याची कसोटी त्यांच्याकडे कोणत्या संख्येला लागू पडेल? उत्तरे मी येथे मुद्दाम देत नाही, कारण हे उत्तर तोही वाचेल असा माझा अंदाज आहे. या प्रश्नांना आठवीच्या पलीकडचे काहीच लागत नाही, तरीही त्यांत तो काही दिवस सहज रमेल, आणि ‘का’ या प्रश्नाला लिहून उत्तर देण्याची सवय लागली की वजाबाकीतील निष्काळजीपणाही बहुधा कमी होईल, कारण तो निष्काळजीपणा कंटाळ्यातून येतो तितकाच पायऱ्या न लिहिण्यातूनही येतो.

नववीच्या पुस्तकाविषयी. पुढचे लवकर शिकणे, म्हणजे गतिवर्धन, ही वाईट गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाची खरोखर तयारी आहे त्याला शाळेच्या संमतीने एखाद्या विषयात वरच्या वर्गात बसू दिल्याने सहसा नुकसान होत नाही, उलट अभ्यासात फायदाच होतो, असे या विषयावरील बरेच संशोधन सांगते. मात्र घरी नववीचे पुस्तक संपवायचे आणि पुढच्या वर्षी शाळेत पुन्हा त्याच पुस्तकासमोर बसायचे, यात पुढच्या वर्षीच्या कंटाळ्याची तजवीज तुम्ही या वर्षीच करून ठेवता. शाळा वरच्या वर्गात बसू देणार असेल तर पुढे जा. देणार नसेल तर पुढे जाण्याऐवजी खोल जा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. पुढील सत्रापासून प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून दोन तासिकांचा उपक्रम सुरू करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. प्रत्येक तुकडीतील पहिले पाच विद्यार्थी घ्यावेत अशी सूचना आहे. निवड अशीच करावी का, आणि या तासिकांत नेमके काय घ्यावे? — एक शिक्षिका

उत्तर : पहिले पाच घेण्यात एक मोठी सोय आहे : कोणत्याही पालकाशी वाद होत नाही. याहून अधिक त्या पद्धतीच्या बाजूने मला बोलता येणार नाही.

वर्गाची परीक्षा वर्गासाठी काढलेली असते. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आणि नव्याण्णव मिळवणाऱ्या दोन मुलांत खरा फरक किती आहे हे ती सांगू शकत नाही, कारण तिची पट्टी तेथेच संपते. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी ही अडचण ओळखून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठी असलेली चाचणी दिली. वर्गात सारखीच हुशार दिसणारी मुले त्या लांब पट्टीवर एकमेकांपासून फार दूर पसरलेली आढळली. आपल्यालाही हे छोट्या प्रमाणात करता येते. शिकवलेल्या भागाच्या दोन पावले पुढचे दोन-तीन प्रश्न सर्व मुलांना, गुण न देता, सोडवायला द्यावेत आणि कोणी कसा विचार केला ते वाचावे.

मात्र लांब पट्टी घेऊनही काही मुले निसटतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिगुणांकाच्या आधारे दीड हजारांहून अधिक मुलांची निवड करून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. त्यातील अनेक जण पुढे यशस्वी झाले, यात शंका नाही. पण विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांची चाचणी घेऊन त्यांना निवडीत स्थान मिळाले नव्हते, आणि पुढे १९५६ मध्ये शॉकली यांना व १९६८ मध्ये अल्वारेझ यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेली तीन वर्तुळांची कल्पना या पार्श्वभूमीवर पटते. सरासरीहून वरची क्षमता, हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि सर्जनशीलता ही तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात, तेथे प्रज्ञावंताचे वर्तन दिसते असे ते म्हणतात. त्यांतली चिकाटी आणि सर्जनशीलता गुणपत्रिकेवर उमटत नाही. ती एखादे काम हातात दिल्यावरच दिसते.

हे मी पुस्तकातून शिकले असे सांगितले तर ते खरे होणार नाही. अशा उपक्रमाची पहिली तुकडी मीही गुणांवरूनच निवडली होती. त्याच वर्षी वह्या तपासताना एका मुलीच्या भूगोलाच्या वहीची मागची पाने उघडली गेली. तिने स्वतःच्या मनाने एक देश रचला होता. त्यातल्या नद्या उंचावरून सखल भागाकडेच वाहत होत्या, वाऱ्याच्या दिशेला असलेल्या डोंगरउतारावर तिने दाट जंगल दाखवले होते आणि पलीकडच्या पर्जन्यछायेत कोरडे माळरान. तिला भूगोलात मध्यम गुण होते, कारण विचारलेल्या व्याख्या ती लिहीत नसे. माझ्या यादीत तिचे नाव नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी की सुरुवातीला दार सर्वांसाठी उघडे ठेवावे. रेन्झुली यांच्याच १९७७ च्या त्रिस्तरीय रचनेत पहिल्या स्तरावर नेहमीच्या पाठ्यक्रमात न भेटणारे विषय, माणसे आणि व्यवसाय मुलांसमोर आणले जातात; दुसऱ्या स्तरावर निरीक्षण, मुलाखत घेणे, आकडेवारी मांडणे, संदर्भ शोधणे, युक्तिवाद करणे अशी साधने शिकवली जातात; आणि तिसऱ्या स्तरावर मूल एकट्याने किंवा लहान गटात एखाद्या खऱ्या प्रश्नाचा शोध घेते. पहिले दोन स्तर सर्वांच्या उपयोगाचे आहेत. पहिले दोन महिने ते सर्वांसाठी घ्या आणि कोण तास संपल्यावरही मागे रेंगाळते, कोण दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन येते, याच्या नोंदी ठेवा. तिसऱ्या स्तरावरची मुले त्या नोंदींतून आपोआप पुढे येतील. ती प्रत्येक विषयासाठी तीच असतील असेही नाही, म्हणून वर्षाच्या मध्यातही आत येण्याची आणि बाहेर पडण्याची मुभा ठेवावी.

तिसऱ्या स्तरावरील कामाची माझी कसोटी एकच असते : उत्तर शिक्षकाला आधीपासून माहीत आहे का? असेल, तर तो स्वाध्याय झाला. शाळेच्या कोणत्या खोलीत दिवसाच्या कोणत्या वेळी गोंगाट सर्वाधिक असतो आणि त्याचे कारण काय. आवारातील एकाच जातीच्या पाच झाडांना मोहोर एकाच आठवड्यात येतो की मागेपुढे. शाळेच्या जुन्या पटनोंदींतून मुलींची संख्या कोणत्या वर्षी वाढली आणि त्या काळच्या विद्यार्थिनी त्याची काय कारणे सांगतात, अशा प्रश्नांची उत्तरे कोठेच छापलेली नसतात. शिवाय या कामाला खरा वाचक हवा. गोंगाटाचा अहवाल वर्गांचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या हाती गेला पाहिजे. फळ्याशेजारी आठवडाभर टांगून काढून टाकलेल्या तक्त्याचे मूल्य मुलांना बरोबर कळते. गुण देऊ नका. प्रत्येकाने कामाची रोजनिशी ठेवावी आणि शेवटी त्या विषयाची जाण असलेल्या, शाळेबाहेरील एका व्यक्तीने तिच्यावर चार ओळींचा अभिप्राय लिहावा.

प्रश्न : माझा भाचा सातवीत आहे. बिघडलेली यंत्रे उघडून तो दुरुस्त करतो, कोणतीही जोडणी एकदा पाहिली की त्याच्या लक्षात राहते, परंतु वाचन अडखळत आणि लेखन फार अशुद्ध आहे. आधी भाषेचे गुण सुधार, मग विज्ञान मंडळात घेऊ, असे त्याला सांगण्यात आले आहे. हे योग्य आहे का? — एक मामा

उत्तर : योग्य नाही. असामान्य क्षमता आणि शिकण्यातील अडचण एकाच मुलात एकत्र असू शकतात. अशा मुलांची पंचाईत अशी होते की क्षमता अडचणीला झाकते, अडचण क्षमतेला झाकते आणि पाहणाऱ्याला एक साधारण मूल दिसते. वाचन-लेखनातील अडचणीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, कारण ती वाचन-अक्षमता असेल तर ‘लक्ष देऊन लिही’ एवढे सांगून दूर होणार नाही. तिच्यावरचे उपाय आणि विज्ञान मंडळ ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत. ज्या एका ठिकाणी त्याला आपण समर्थ आहोत असे वाटते ते ठिकाण शिक्षा म्हणून काढून घेतले, तर भाषेसाठी लागणारा धीर तो कोठून आणणार? मंडळात त्याला अहवाल लिहिण्याऐवजी बोलून ध्वनिमुद्रित करू द्यावा किंवा आकृतीतून मांडू द्यावा. हा मजकूर त्याच्या शिक्षकांना दाखवण्यास माझी हरकत नाही.

प्रश्न : माझ्या नववीतील मुलीला गणित मनापासून आवडते. ऑलिम्पियाडच्या तयारीच्या नावाखाली चालणाऱ्या शिकवणीत तिला घालावे की नाही, हे ठरत नाही. एकीकडे संधी हुकेल असे वाटते आणि दुसरीकडे स्पर्धेच्या ताणाने तिची आवडच नाहीशी होईल अशी भीती वाटते. — एक वडील

उत्तर : दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर त्या शिकवणीत प्रत्यक्ष काय घडते यावर अवलंबून आहे.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले. आजच्या स्वरूपात प्रत्येक देशाच्या संघात जास्तीत जास्त सहा विद्यार्थी असतात. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज तीनच प्रश्न, असे या स्पर्धेचे रूप आहे. प्रत्येक प्रश्नाला ७ गुण, एकूण ४२. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. शाळेच्या परीक्षेत तेवढ्या वेळात अर्धी उत्तरपत्रिका भरते. या स्पर्धेच्या तयारीतून मिळण्यासारखी मोलाची गोष्ट याच दीड तासात आहे. न सुटणाऱ्या प्रश्नासमोर न घाबरता बसणे, लहान संख्या घेऊन पाहणे, एक वाट बंद झाली की मागे फिरून दुसरी धरणे आणि शेवटी दुसऱ्याला पटेल अशी सिद्धता लिहिणे हे कौशल्य पदकापर्यंत न पोहोचलेल्यालाही मिळते. पदकापर्यंत पोहोचणारे अगदी थोडे असतात, त्यामुळे हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

शिकवणी पाहायला जाल तेव्हा दोन गोष्टी तपासा. तेथे युक्त्या सांगितल्या जातात की सिद्धता मागितल्या जातात? आणि मुले घरी जाताना एखादा न सुटलेला प्रश्न बरोबर घेऊन जातात की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तास संपण्यापूर्वी फळ्यावर लिहून दिले जाते? दुसरा प्रकार आढळला तर त्या शिकवणीचे नाव काहीही असो, तेथून परत या.

स्पर्धेचा ताण नको असेल तर त्याच परंपरेत एक सौम्य वाटही आहे. हंगेरीत दानिएल आरान्य या शिक्षकाने १८९४ च्या सुमारास माध्यमिक शाळेतील मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू केले. त्यात प्रश्न छापले जात, मुले उत्तरे टपालाने पाठवत, उत्तम उत्तरे पाठवणाऱ्यांच्या नावासह पुढे प्रसिद्ध होत आणि कालांतराने अशा मुलांची छायाचित्रेही छापली जाऊ लागली. हे मासिक अजून चालू आहे. पॉल एर्डश यांच्यासारखा गणिती शाळकरी वयात त्याचा उत्तरलेखक होता. मला या रचनेतील संथपणा आवडतो : प्रश्न हातात पडल्यापासून उत्तर पाठवेपर्यंत काही आठवडे मिळतात, आणि दूरच्या गावातील कोणीतरी आपल्यासारखेच याच प्रश्नात अडकले आहे एवढी जाणीव सोबतीला असते. तुमच्या मुलीसाठी आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणींसाठी असा महिन्याचा एक प्रश्नसंच तिच्या शिक्षकांना सहज सुरू करता येईल.

आवड मरेल या भीतीवर आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. विसाव्या शतकातील थोर गणितींत गणना होणाऱ्या या गृहस्थांनी १९६३ मध्ये मॉस्कोत गणित व पदार्थविज्ञानात गती असलेल्या मुलांची निवासी शाळा उभारण्यात पुढाकार घेतला आणि तेथे स्वतः शिकवले. गणिताबरोबरच ते मुलांना संगीत ऐकवीत, साहित्याविषयी त्यांच्याशी बोलत आणि त्यांना घेऊन लांबवर पायी भटकायला जात. शिकवणीमुळे मुलीचे गाणे, खेळणे किंवा अवांतर वाचन बंद पडत असेल, तर तो आवड कोमेजण्याचा पहिला इशारा समजावा.

प्रश्न : आमची शाळा लहान आहे. प्रयोगशाळा नाममात्र आहे, ग्रंथालय एका कपाटात मावते आणि बाहेरचे तज्ज्ञ आमच्याकडे येत नाहीत. नववी-दहावीत दोन-तीन मुले मात्र विलक्षण चौकस आहेत. त्यांच्यासाठी मी काय करू शकतो? — एक विज्ञान शिक्षक

उत्तर : तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगते. जॉन गुडरिक लहानपणापासून बहिरा होता. इंग्लंडमधील यॉर्क शहरात त्याच्या शेजारी एडवर्ड पिगट नावाचे, वयाने दहा-अकरा वर्षांनी मोठे असलेले हौशी खगोलनिरीक्षक राहत. काही तारे कमीअधिक तेजस्वी होतात, त्यांच्याकडे लक्ष ठेव, असे पिगट यांनी त्याला सुचवले. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा गुडरिकने १७८२ च्या नोव्हेंबरपासून नेटाने पाहिला. शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किती उजळ आहे एवढेच तो रात्रीमागून रात्र टिपत गेला. त्यातून त्याने तारा एकदा मंद झाल्यापासून पुन्हा मंद होईपर्यंतचा काळ ठरवला, जो आज आपल्याला २ दिवस २० तास ४९ मिनिटे एवढा माहीत आहे. ताऱ्याभोवती एखादा काळोखा पिंड फिरत असावा आणि तो मध्ये येत असावा, असा तर्कही त्याने मांडला. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा तो वीस वर्षांचाही झालेला नव्हता. काळोखा पिंड असल्याचा त्याचा तर्क मुळात बरोबर निघाला, फक्त तो पिंड म्हणजे एक मंद साथीदार तारा आहे हे शंभर वर्षांनंतर सिद्ध झाले.

आता यात प्रयोगशाळेचा वाटा किती? अल्गोलचे हे मंदावणे आजही नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), सुमारे २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते आणि पुन्हा चढते, आणि या सगळ्याला सुमारे दहा तास लागतात. तुमच्या तिघांना त्या ताऱ्याभोवतीच्या तीन-चार ताऱ्यांच्या प्रती लिहून द्या, वही द्या आणि काळ त्यांनाच काढू द्या. छापील आकडा आधी सांगू नका. ढगाळ रात्रींनी नोंदींत खिंडारे पडतील, तिघांचे अंदाज एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि मग अंदाजातील चूक कशी मोजावी हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येईल. तो आला की सरासरी आणि विचलन शिकवण्यासाठी त्याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. असे निरीक्षण करणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदी गोळा करणारी अमेरिकेतील संघटना १९११ पासून काम करते आणि जगभरातील निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते.

इंटरनेट उपलब्ध असेल तर नागरिक-विज्ञानाचे प्रकल्प आहेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलॅक्सी झू’ या प्रकल्पात सामान्य लोकांनी दीर्घिकांची छायाचित्रे पाहून त्यांचे आकारानुसार वर्गीकरण केले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील हॅनी फान आर्केल या शाळाशिक्षिकेला एका छायाचित्रात एक विचित्र डाग दिसला. तो कशाचा, असे तिने विचारले, आणि पूर्वी कोणी न हेरलेला वायूचा एक प्रचंड तेजस्वी ढग खगोलशास्त्रज्ञांना सापडला.

तज्ज्ञ येत नाहीत याचे दुःख फार करू नका. पिगट हे गुडरिकचे शिक्षक नव्हते. त्यांनी एक चांगला प्रश्न सुचवला, स्वतःच्या नोंदी त्याच्यापुढे मोकळेपणाने ठेवल्या आणि त्याचे काम गांभीर्याने घेतले. ‘मलाही माहीत नाही, आपण पाहू’ असे मुलांसमोर म्हणू शकणारा शिक्षक एवढे नक्कीच करू शकतो.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. आमच्या शाळेत नेहमी माझाच पहिला क्रमांक यायचा आणि मी त्यासाठी फारसा अभ्यासही करत नसे. यावर्षी निवडक मुलांच्या विज्ञान वर्गात माझी निवड झाली. तेथे सगळेच माझ्याइतके किंवा माझ्याहून हुशार आहेत. मला एका प्रश्नाला तीन दिवस लागले आणि एका मुलाने तो अर्ध्या तासात सोडवला. मी खरोखर हुशार आहे का, की इतके दिवस सगळ्यांचा गैरसमज होता? वर्ग सोडावासा वाटतो. — एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुला जे वाटते आहे ते इतक्या मुलांना वाटते की मानसशास्त्रात त्याला नावही आहे. हर्बर्ट मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ मध्ये दाखवून दिले की सारख्याच क्षमतेची दोन मुले घेतली, तर ज्याच्याभोवती हुशार मुले जास्त असतात त्याचे स्वतःविषयीचे मत खाली येते. छोट्या डबक्यातला मोठा मासा तळ्यात गेला की स्वतःला लहान समजू लागतो, असे त्याचे वर्णन करतात. मासा तेवढाच असतो. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर : गैरसमज नव्हता, फक्त शेजारी बदलले.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. इतके दिवस तुला अभ्यास करावा लागला नाही, म्हणजे अडल्यावर काय करायचे हे शिकण्याची संधीच तुला मिळाली नाही. त्यात तुझा दोष नाही. सोपे काम देणाऱ्या आम्हा मोठ्यांचा आहे. मोठ्यांची आणखी एक चूक संशोधनात दिसून आली आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना काही कोडी दिली आणि ती सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगितले. हुशार म्हटलेल्या मुलांनी त्यानंतर सोपे काम अधिक पसंत केले आणि अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी अधिक घसरली. तुला लहानपणापासून कोणते वाक्य ऐकवले गेले असेल, याचा मला अंदाज आहे.

वर्ग सोडू नकोस, निदान सत्र संपेपर्यंत तरी नको. तोवर एक वेगळी वही कर आणि तिच्यावर ‘अडलेले’ असे लिही. एखादा प्रश्न सुटत नसला की त्या वहीत तारीख घालून तीन गोष्टी लिही : नेमके कोठे अडले, काय काय करून पाहिले, आणि ते का चालले नाही. तिसरी गोष्ट लिहिताना फार वेळ लागेल, लागू दे. ज्या मुलाने तो प्रश्न अर्ध्या तासात सोडवला, त्याला उत्तर विचारू नकोस. पहिल्या पाच मिनिटांत त्याने काय करून पाहिले ते विचार. अशा वर्गाचा खरा लाभ असे विचारता येईल अशी माणसे भेटण्यात आहे, आणि पूर्वीच्या वर्गात तुला ती मिळत नव्हती. कदाचित त्याने तो प्रकार आधी कोठेतरी पाहिलेला असेल. कदाचित त्याच्याकडे खरोखर एखादी सुंदर कल्पना असेल, आणि मग ती तुझ्याही वहीत येईल.

सत्र संपल्यावर वहीतील पहिले आणि शेवटचे पान शेजारी ठेवून वाच. त्यानंतरही वर्ग सोडावासा वाटला तर जरूर सोड, त्याविषयी तुला कोणी बोल लावू नये असे मी तुझ्या आईबाबांनाही सांगेन. आणि ज्या प्रश्नाला तीन दिवस लागले तो मला लिहून पाठव. मलाही तो सोडवून पाहायचा आहे.